शंका घेणे पाप आहे का?



एका भगिनीने जुने कपाट विकण्यासाठी मोबाईलवर जाहिरात टाकली. गिऱ्हाईक म्हणाले, "मी सैन्यात आहे. पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका." तिने फोन ठेवला. रविवारी मिस्सानंतर मला विचारले, "फादर, तो माणूस खरा असेल तर? माझ्या हातून पाप तर झाले नाही ना?"

संत थॉमस अक्वायनस येथे भेद करतात. खात्रीचा पुरावा नसेल तर शेजाऱ्याला मनात चांगलाच समजावा. पण अनर्थावर उपाय योजताना वाईट शक्यता धरून चालावे. पहिली प्रीती, दुसरा विवेक.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. म्हणून पिन न टाकणे म्हणजे कुणाला चोर ठरवणे नव्हे. प्रामाणिक गिऱ्हाइकाचे त्यात काहीच बिघडत नाही. तो घरी येईल, कपाट पाहील, पैसे देऊन घेऊन जाईल.

कुणी फसलेच, तर लाजेने गप्प बसू नये; १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

प्रभूने शिष्यांना साप आणि कबुतर या दोघांची आठवण एकदमच दिली (मत्तय १०:१६). उद्या खरा सैनिक दारात आला, तर त्याला आधी पाणी द्या. व्यवहार मग पाहू.

आपला,
धर्मगुरू