"शिवू नकोस" म्हणणारे मूल



पनवेल तालुक्यातील विचुंबे येथील एक घर डोळ्यांपुढे आणा. चौदा वर्षांचा मुलगा तासभर मोरीवर हात धूत आहे. हातांची सालटे निघाली आहेत. आई टॉवेल घेऊन जवळ जाते, तर तो ओरडतो, "आई, शिवू नकोस!"

हा शब्द ऐकून आपले काळीज चरकते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच जिल्ह्यातील बौद्धाच्या घरात पुन्हा विटाळ? बापाचा हात उगारला जातो. पण थांबा! विटाळ मानणारा दुसऱ्याला हीन लेखतो आणि स्वतः सुखाने झोपतो. हा मुलगा कोणालाच हीन लेखत नाही. आपल्या हाताची घाण लागून आई मरेल, या भीतीने तो तळमळतो. भीती पोकळ आहे हे त्याला बहुधा कळतेही. तरी हात थांबत नाहीत. हा संस्कार नव्हे, आजार आहे.

डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत जुना शब्द मंत्रचळ. मंत्रात चूक झाली की माणूस चळतो, या समजुतीतून तो आला. समजूत खोटी आहे. शंभरांत एकदोघांना हा आजार आयुष्यात गाठतो. पुष्कळदा बालपणी किंवा ऐन वयात येताना. म्हणून भगताच्या दारी जाऊ नका आणि आपल्या वळणाला दोषही देऊ नका.

आता खरा प्रश्न. मूल विनवते, "आई, तूही हात धू. काही होणार नाही असे पुन्हा सांग." आई वीस वेळा सांगते. ही करुणा आहे काय? मूल क्षणभर शांत होते, पण भीतीला खाद्य मिळते आणि उद्या ती अधिक मागते. उलट, नळ बंद करून मारणे ही तर क्रूरताच. या दोन टोकांमध्ये मार्ग आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली तो दाखविला: भीतीला सामोरे जायचे आणि हात धुणे रोखून धरायचे. भीती चढते, आणि न धुताही ओसरते. जे उपजते ते ओसरते, हे आपण धम्मात शिकलोच आहोत. मात्र हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मुलाच्या संमतीने, पायरीपायरीने करावे. औषधांचाही उपयोग होतो; गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात. ती आपल्या मनाने बंद करू नका.

आणि मूल "मला जगायचेच नाही" म्हणाले तर? स्पष्ट विचारा, "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नका. औषधे, कीटकनाशके कुलपात ठेवा. जवळच्या रुग्णालयात न्या. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे; तेथे जाण्यात लाज कसली?

घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतः आंघोळ घातली. दोष कोणाचा, हे आधी विचारले नाही. मूल "शिवू नकोस" म्हणेल. तुम्ही रागावू नका, घाबरू नका. पण त्याच्या भीतीची चाकरीही करू नका. त्याच्याजवळ बसून राहा.

जयभीम.