रिपीटच्या वर्षाचा हिशेब

नीटचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरात घरोघरी दोनच प्रश्न असतात: किती पडले, आणि रिपीट करणार का? पहिल्याचं उत्तर पटलं नाही की दुसऱ्याचं त्याच संध्याकाळी ठरतं. क्लासची फी भरली जाते, खोली पाहिली जाते. आधी कशामुळे कमी पडले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

रिपीट करायला नियमांची आडकाठी नाही. नीट कितीही वेळा देता येते. कमाल वयाची अट २०२२ मध्ये गेली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात. तेवढे नसले तर राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जासोबत कॉलेजच्या सगळ्या वर्षांचे गुण जातात, पडलेलं वर्षही लपत नाही. आपल्याकडे गेल्या वर्षीचे गुण यंदा कुणी विचारत नाही. एका दुपारच्या पेपरवर पाटी कोरी होते.

कोरी होते ती गुणांची पाटी. कच्चेपणा तसाच राहतो. मराठवाड्यातली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तक हातात येतं. शब्द समजून घेण्यातच पहिले महिने जातात, तोवर मोल कन्सेप्ट मागे पडलेला असतो. बारावीत त्याकडे वळायला सवड नसते. रिपीटच्या वर्षी तोच क्लास, त्याच नोट्स, तोच वेग. मग जिथे अडलं होतं तिथेच पुन्हा अडतं.

नीटच्या पेपरात एक साधा प्रकार पाहा. ‘खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे’ असा प्रश्न असतो आणि मुलगा घाईत बरोबर विधानावर खूण करतो. विषय येत असूनही पाच गुण गेले: मिळणारे चार हुकले, वर एक वजा झाला. असे दहा प्रश्न म्हणजे ५० गुण, आणि तेवढ्यात सरकारी कॉलेज हातचं जाऊ शकतं. ही चूक नवी टेस्ट सिरीज लावून सुटत नाही, वाचायची सवय बदलून सुटते. मुळात विषयच येत नसेल तर उपाय वेगळा: अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासून.

हे सांगायचं कारण प्रवेशानंतरचं आहे. दाराबाहेर प्रयत्नांना मर्यादा नाही, पण आत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात. १९५६ पासून डॉक्टर घडवणाऱ्या आपल्या घाटीतल्या सरकारी मेडिकल कॉलेजातही अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या पेपरला नीटचा स्कोअर कामाला येत नाही. पाठांतरावर आणि अंदाजावर वाढवलेले गुण तिथे उघडे पडतात.

म्हणून पालकांना एकच विनंती. फी भरण्याआधी मुलाची ओएमआरची प्रत आणि एनटीएची उत्तरतालिका शेजारी ठेवा. प्रत्येक चुकीपुढे लिहू द्या: आलं नाही, वाचलं चुकीचं, की अंदाज मारला. त्या यादीतून वर्षभराचं काम दिसलं तर खुशाल रिपीट करा. ‘यंदा नशीब साथ देईल’ एवढंच कारण उरलं, तर ते वर्ष आणि ती फी दुसऱ्या शिक्षणाला लावलेली बरी.