धुराचा शेजार

जून २०२३ च्या आरंभी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वणवे भडकले आणि ७ तारखेला शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह दर काही मिनिटांनी धुराचा मार्ग टिपत होता.

यांतील अनेक वणवे विजेमुळे पेटले होते. मग ज्याने आग लावली नाही, त्याच्यावर जबाबदारी कोणती? उपग्रहाला धूर दिसतो. तो श्वासात उतरतो आहे की उंचावरूनच जातो आहे, हे मात्र जमिनीवर मोजावे लागते. म्हणून पाहणाऱ्याने खात्री करावी आणि वेळीच खबर पोहोचवावी. ज्ञान ही अमानत आहे. धूर जिथवर जातो, तिथवर शेजाऱ्याचा हक्क जातो. संकट पाहूनही गप्प राहणाऱ्याला अल्लाहसमोर ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.