‘जॉज’ आणि पाण्याची धास्ती

स्टीव्हन स्पीलबर्ग दिग्दर्शित ‘जॉज’ २० जून १९७५ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी झळकला. ऐन उन्हाळ्याचे, समुद्रस्नानाचे दिवस होते आणि चित्रपटाचा विषय होता किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना खाणारा एक प्रचंड ग्रेट व्हाइट शार्क. उत्तर अमेरिकेत वितरकाच्या वाट्याला दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळवून देणारा हा पहिला चित्रपट. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ येईपर्यंत उत्पन्नात त्याला कोणी मागे टाकले नाही. परंतु त्याचा खरा परिणाम तिकीटबारीवर मोजता येत नाही. पडद्यावरची गोष्ट दोन तासांत संपली. ती पाहिलेल्या असंख्य लोकांचे पाण्याशी असलेले नाते मात्र कायमचे बदलले आणि त्या बदलाची झळ पुढे एका जिवंत प्राण्यालाही लागली.

भयपट तसे पुष्कळ झाले. त्यांपैकी बहुतेकांची भीती प्रेक्षकाच्या श्रद्धेवर उभी असते. ‘एक्सॉर्सिस्ट’ने १९७३ मध्ये लोकांना हादरवले खरे, पण सैतानावर ज्याचा विश्वास नाही त्याला निदान बुद्धीचा आधार घेता येत होता. ‘जॉज’ने हा आधार काढून घेतला. शार्क खरा असतो, समुद्रात असतो आणि क्वचित माणसाला चावतोही. १९१६ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अवघ्या बारा दिवसांत शार्कने चौघांचा बळी घेतला होता आणि चित्रपटातली पात्रे त्या घटनेचा उल्लेख करतात. पीटर बेंचलीची मूळ कादंबरी १९७४ ची. चित्रपटात अ‍ॅमिटी नावाच्या काल्पनिक बेटावर शार्क आल्याचे कळूनही पर्यटनाचा हंगाम बुडेल म्हणून महापौर किनारे उघडे ठेवतो. एक पोलीसप्रमुख, एक तरुण सागरी जीवशास्त्रज्ञ आणि एक शार्क मारणारा जुना खलाशी, असे तिघे मग छोट्या बोटीतून त्याच्या मागावर निघतात. कथा एवढी साधी आहे. भीती त्या कथेत कमी आणि ती सांगण्याच्या रीतीत अधिक आहे, म्हणून ती रीत बारकाईने पाहायला हवी.

चित्रीकरण झाले मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, १९७४ मध्ये. स्पीलबर्ग तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि तलावाऐवजी खऱ्या समुद्रात चित्रीकरण करण्याचा त्याचा हट्ट होता. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारे तीन यांत्रिक शार्क बनवले गेले. दिग्दर्शकाच्या वकिलाच्या नावावरून सगळे त्यांना ‘ब्रूस’ म्हणत. खाऱ्या पाण्याने या ब्रूसची दैना केली. तो बुडे, गंजे, ऐनवेळी बंद पडे. पंचावन्न दिवसांचे काम १५९ दिवसांवर गेले आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर. शार्क चालत नाही म्हटल्यावर शार्कशिवाय शार्कची गोष्ट सांगणे भाग पडले आणि या अडचणीनेच चित्रपटाला त्याची शक्ती दिली.

पहिल्या प्रसंगात रात्रीच्या समुद्रात एक तरुणी पोहते आहे. काहीतरी तिला खाली ओढते, मग पाण्यातून आडवे फरफटवत नेते. ते काय आहे हे क्षणभरही दिसत नाही. पुढे शार्कच्या जागी कधी मोडलेल्या धक्क्याचा पाण्यात सरकणारा तुकडा येतो, कधी त्याच्या अंगात रुतवलेल्या भाल्यांच्या दोऱ्यांना बांधलेली पिवळी पिंपे. पिंप पाण्याखाली गेले की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. छायाचित्रकार बिल बटलरने कॅमेरा वारंवार पाण्याच्या पातळीवर ठेवला. पडद्याचा खालचा भाग पाण्याने भरलेला, वर पोहणाऱ्यांची डोकी. प्रेक्षकाची नजर आपोआप खालच्या, न दिसणाऱ्या भागाकडे जाते. १२४ मिनिटांच्या चित्रपटात शार्क पूर्ण रूपात समोर येतो तो सुमारे ऐंशी मिनिटांनंतर. तोवर प्रत्येकाने आपापला शार्क मनात तयार केलेला असतो आणि कुठल्याही कारखान्यातल्या रबरी शार्कपेक्षा तो अधिक भयंकर असतो.

जॉन विल्यम्सच्या संगीताचा वाटा याहून सूक्ष्म आहे. लगतचे दोन खर्ज स्वर, आधी संथ आणि मग वाढत्या लयीत, एवढ्यावर त्याने शार्कची चाहूल बांधली. ऑस्कर पुरस्कारांत या संगीताचा सन्मान झाला, तसाच संकलनाचा आणि ध्वनीचाही. या स्वरांमधून प्रेक्षकाला नकळत एक नियम शिकवला जातो : हे स्वर आले की शार्क आला. दोन मुले पुठ्ठ्याचा पर पाठीवर लावून किनाऱ्यावर घबराट उडवतात तेव्हा हे संगीत वाजत नाही, आणि खरोखरच तिथे शार्क नसतो. नियम असा पक्का झाल्यावर दिग्दर्शक तो मोडतो. पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागे मासळीचे आमिष टाकत असताना कुठल्याही स्वराविना शार्कचे डोके अचानक पाण्यावर येते. सुरक्षिततेची शेवटची खूण तिथे पुसली जाते. शांतता म्हणजे धोका नाही, हा भरवसाही प्रेक्षकाला उरत नाही. चित्रपटातल्या भीतीचे मर्म याच क्षणात आहे असे म्हणावेसे वाटते, कारण खऱ्या समुद्रात कोणतेच संगीत वाजत नसते.

प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेचा हिशेब किती नेमका ठेवला होता याचे आणखी एक उदाहरण आहे. सुरुवातीच्या खासगी खेळांनंतर स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवीशी वाटली. बुडालेल्या बोटीच्या भोकातून मृत कोळ्याचे डोके बाहेर येते तो प्रसंग त्याने स्वतःचे पैसे घालून संकलक व्हर्ना फील्ड्सच्या घरच्या जलतरण तलावात पुन्हा चित्रित केला. समुद्राचे पाणी गढूळ दिसावे म्हणून तलावात दुधाची भुकटी मिसळली होती. किंकाळी मिळाली. मात्र आता सावध झालेले लोक पुढे शार्कचे डोके वर येते तेव्हा पूर्वीइतके दचकेनासे झाले, असे त्याच्या लक्षात आले.

ही भीती चित्रपट संपल्यावर का सरत नाही, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. चित्रपट आला त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये समुद्रापासून दूर राहणाऱ्या एका किशोरवयीन मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. ‘जॉज’ पाहिल्यावर तिला शार्कच्या नावाने ओरडण्याचे झटके येऊ लागले होते. हे टोकाचे उदाहरण झाले. क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ मध्ये सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या नव्वद टक्के विद्यार्थ्यांना लहानपणी किंवा किशोरवयात एखाद्या चित्रपटाने किंवा कार्यक्रमाने घाबरवल्याचे आठवत होते आणि चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मनात त्याची धास्ती अजून शिल्लक होती. कँटर यांनी जमवलेल्या अनुभवांत ‘जॉज’चा उल्लेख वारंवार आला. समुद्र टाळणारे होतेच, पण जिथे शार्क असणे शक्यच नाही अशा गोड्या पाण्याच्या तळ्यात आणि पोहण्याच्या तलावातही अस्वस्थ होणारे होते.

तलावात शार्क नाही हे त्या माणसाला माहीत असते, तरी तळ दिसेनासा झाला की पाय झटकन वर ओढले जातात. ज्ञान आणि भीती मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात, असे यावर स्पष्टीकरण दिले जाते. जोसेफ लडू यांच्या संशोधनानुसार धोक्याची खूण मेंदूतल्या अ‍ॅमिग्डलापर्यंत एका जवळच्या वाटेने, विचार पुरा होण्याआधीच पोहोचते आणि तिथे झालेली भयाची नोंद सहजी पुसली जात नाही. पुढे मिळालेली माहिती ती नोंद खोडत नाही, फार तर तिला आवर घालते. म्हणून दरवर्षी साऱ्या जगात शार्कने न डिवचता घेतलेले चावे साधारण साठ-सत्तर आणि मृत्यू दहाच्या आत असतात, हे ऐकून कोणाची भीती गेल्याचे दिसत नाही. भूत पाहण्यासाठी स्मशानात जावे लागते, पाण्यात मात्र माणूस पुन्हा पुन्हा उतरतो आणि प्रत्येक वेळी जुनी नोंद जागी होते. अल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ने १९६० मध्ये न्हाणीघराबाबत हेच केले होते. भयपटाची आयुष्यमर्यादा, असे दिसते, त्याने निवडलेल्या जागेवर ठरते : ती जागा जितकी नेहमीची, तितकी भीती दीर्घायुषी.

व्यक्तीच्या मनातली ही भीती समाजाच्या वर्तनात उतरली तेव्हा गोष्ट गंभीर झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारण्याच्या स्पर्धांना जोर चढला. शार्कसोबत छायाचित्र काढणे मर्दुमकीचे लक्षण ठरले. वायव्य अटलांटिकमध्ये ग्रेट व्हाइटची संख्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत लक्षणीय घटली. सगळा दोष चित्रपटावर टाकणे न्याय्य नाही. व्यापारी मासेमारीच्या लांब दोऱ्या आणि शार्कच्या परांचा व्यापार यांनी केलेला संहार कितीतरी मोठा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभर वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारले जात असल्याचा अंदाज वर्तवला. पण या संहाराबद्दल फार काळ कोणाला हळहळ वाटली नाही, आणि ती न वाटण्यात ‘जॉज’चा हात नक्की आहे. व्हेल किंवा डॉल्फिनसाठी लोक रस्त्यावर येत होते तेव्हा शार्कच्या बाजूने बोलणारे मूठभरच होते.

शासनाच्या धोरणावरही छाया पडली. ख्रिस्तोफर नेफ या अभ्यासकाने ऑस्ट्रेलियातल्या निर्णयांच्या मागे या चित्रपटातून आलेली तीन गृहीतके दाखवून दिली : शार्क माणसाला जाणूनबुजून चावतो, शार्कशी गाठ म्हणजे मृत्यूच, आणि त्या शार्कला मारल्यानेच प्रश्न सुटतो. तिन्ही चुकीची आहेत. तरीही २०१४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने किनाऱ्याजवळ आमिषाचे गळ लावून मोठे शार्क मारण्याची मोहीम काढली. त्या गळांना १७२ शार्क लागले, त्यांत ग्रेट व्हाइट एकही नव्हता. माणसावर राग धरून बसलेला एकच एक गुन्हेगार शार्क असतो, ही कल्पना पडद्यावरून थेट सरकारी आदेशात आली होती.

निर्मात्यांना याची जाणीव झाली आणि त्यांनी ती लपवली नाही. बेंचलीने उरलेले आयुष्य सागर-संरक्षणाच्या कामात घातले. शार्कबद्दल जे आता कळले ते ठाऊक असते तर ही कादंबरी लिहिता आली नसती, असे तो उघडपणे सांगत असे. २००६ मध्ये तो वारला. २०१५ मध्ये नव्याने नोंदलेल्या एका छोट्या, खोल पाण्यातल्या शार्क-जातीला त्याचे नाव देण्यात आले. स्पीलबर्गने २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत शार्कच्या घटलेल्या संख्येबद्दल खेद व्यक्त केला. चित्रपटासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात खरे शार्क चित्रित करणारे रॉन आणि व्हॅलरी टेलर हे दांपत्य तर शार्कचे खंदे कैवारी बनले. कलाकृती हातातून सुटल्यावर तिच्या परिणामांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला या मंडळींनी कृतीने दिलेले उत्तर आदरास पात्र आहे.

त्याच भीतीतून कुतूहलही जन्मले. चित्रपटातला शास्त्रज्ञ हूपर पाहून शार्कच्या अभ्यासाकडे वळल्याचे सांगणारे संशोधक अनेक आहेत. शार्कविषयी ऐकण्याची लोकांची भूक वाढली आणि संशोधनालाही त्याचा हातभार लागला. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये ग्रेट व्हाइटला संरक्षण दिले, पुढे कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियानेही दिले. २००४ मध्ये या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्कची ओळख वेगळी आहे. कोकण-गोव्यात तो मुशी किंवा मोरी म्हणून बाजारात येतो आणि कालवणात जातो. त्याला भक्षक म्हणून नव्हे, भक्ष्य म्हणून ओळखणाऱ्या कोळ्यांना ‘जॉज’ने काही शिकवले असण्याची शक्यता कमी. गुजरातमध्ये मात्र एका चित्रफितीनेच शार्कचे भवितव्य बदलले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणाऱ्या व्हेल शार्कला गळ मारून, दोरीला पिंपे बांधून दमवत आणि मग मारत. तरंगणारी पिंपे तीच, फक्त इथे घाबरायचे कारण माशाला होते. माइक पांडे यांनी या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यानंतर कथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा देऊन मच्छीमारांत प्रचार केला. जाळे कापून मासा सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. प्लवक गाळून खाणाऱ्या या निरुपद्रवी माशाबद्दल माया निर्माण करणे तुलनेने सोपे होते, हेही मान्य करायला हवे.

चावणाऱ्या शार्कच्या बाबतीत या मायेची परीक्षा ‘जॉज’च्या मूळ भूमीतच चालू आहे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळाले, मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर करड्या सीलचे कळप परतले आणि त्यांच्यामागे ग्रेट व्हाइटही आले. २०१८ मध्ये तिथे एका तरुणाचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या राज्यातला १९३६ नंतरचा तो पहिलाच मृत्यू. चित्रपटातल्या अ‍ॅमिटीसारखी तिथेही सभा भरली, शार्क आणि सील मारा अशी मागणी झाली. मारण्याचा आदेश मात्र निघाला नाही. किनाऱ्यांवर शार्कचे चित्र असलेले जांभळे झेंडे लागले, खुणा लावलेल्या शार्कची वर्दी फोनवर मिळू लागली, रक्तस्राव थांबवण्याचे साहित्य वाळूवर ठेवले गेले आणि सील असतील तिथे व खोल पाण्यात जाऊ नका, असे सांगितले जाऊ लागले. शार्क पाहायला नेणाऱ्या बोटींना आता तिथे गिऱ्हाईक आहे, आणि उन्हाळ्यात लोक पोहतातही, फक्त किनाऱ्याच्या अधिक जवळ राहून.