खडा कोणी टाकायचा?

दारूगोळ्याच्या फ्यूजची बॉडी मुठीत मावते. पितळेची असते. लेथवरून नुकतीच उतरलेली असली की हाताला कोमट लागते आणि कूलंटमुळे बोटांतून निसटू पाहते. ती पुसायची, डाव्या हातात धरायची आणि आट्यांवर गेज फिरवायचं. ‘गो’ गेज शेवटपर्यंत अलगद गेलं पाहिजे, ‘नो-गो’ सुरुवातीलाच अडलं पाहिजे. दोन्ही जमलं तर नग पास. मग पुढचा.

महाराष्ट्रातल्या एका ऑर्डनन्स फॅक्टरीत मी ३१ वर्षं हे काम केलं. नवरा तिथेच होता. तो गेल्यावर अनुकंपेवर मला घेतलं, तेव्हा पदरात दीड वर्षाची मुलगी होती. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालायचो, गेजच्या पेटीला हळदकुंकू लावायचो. किती नग तपासले ते रजिस्टरमध्ये माझ्या सहीनिशी नोंदलेलं असायचं. पुढे त्यांचं काय झालं, हे मात्र एकाही नगाबद्दल मला सांगता येणार नाही. नोकरीत असताना हा विचार कधी मनाला शिवलाही नाही. तो आला निवृत्तीनंतर, कॉव्हेंट्रीत.

मुलगी आणि जावई तिथे राहतात. मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. दुपारी नातीला बाबागाडीत घालून फिरायला निघायचं, आणि फिरता फिरता जुन्या कॅथीड्रलपाशी टेकायचं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे गाव जाळलं. साडेपाचशेहून जास्त माणसं त्या एका रात्रीत गेली. कॅथीड्रलच्या छपरावर त्या रात्री चौघं जण वाळू आणि पाणी घेऊन उभे होते. त्यांतले एक खुद्द तिथले प्रमुख धर्मगुरू, रिचर्ड हॉवर्ड. आग लावणारे बॉम्ब पडत राहिले, पाणी संपलं, छप्पर गेलं. आज चारी भिंती उभ्या आहेत आणि वर आभाळ आहे. वेदीमागच्या भिंतीवर हॉवर्ड यांनी दोनच शब्द कोरून घेतले. अर्थ असा की, बापा, क्षमा कर.

मी ख्रिस्ती नाही. पण क्रूसावरचा ख्रिस्त आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो, एवढं मला ठाऊक होतं. त्या मागण्यात ‘त्यांना’ हा शब्द आहे. भिंतीवर तो नाही. ज्यांचं देऊळ जळालं त्यांनीच तो वगळला. क्षमा कोणाला हवी, याचं उत्तर त्यांनी मोकळं ठेवलं. ती मोकळी जागा माझ्या मनातून जाईना. घरी जावयाच्या पुस्तकांतून मी त्या युद्धाबद्दल वाचायला लागले.

सुरुवातीला ब्रिटिश विमानं रात्री जर्मनीवर जाऊन कारखाने, रेल्वे, तेलाचे साठे शोधत. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांच्याच फोटोंची तपासणी झाली. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी तीनात एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. तपासनीस म्हणून मी तो आकडा दोनदा वाचला. आमच्याकडे असा लॉट आला असता तर सगळा परत गेला असता आणि मशीन बंद करून सेटिंग बघितलं असतं. त्यांनी मापच बदललं. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य हे लक्ष्य ठरलं. गोद्या किंवा कारखान्यांवर नेम न धरता दाट वस्तीवर धरायचा. वस्ती चुकणं अवघड, म्हणून आता सगळे नग पास.

त्या बॉम्बची रचना मला कळते, हेच मला जड जातं. चार हजार पौंडांचा मोठा बॉम्ब छपरं आणि खिडक्या उडवायला. त्यामागून चार-चार पौंडांच्या, हातभर लांबीच्या मॅग्नेशियमच्या कांड्या, उघड्या पडलेल्या माळ्यांत शिरून आग लावायला. कांडी षट्कोनी, कारण षट्कोनी कांड्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पेटीत जागा वाया जात नाही. त्या कुणा बायाबापड्यांनीच माझ्यासारख्या तपासल्या असणार.

विमानात सात जण. चालवणारा एक, इंजिन बघणारा एक, नकाशा बघणारा एक, बिनतारीवाला एक, दोन बंदुकवाले, आणि नाकाडात पालथा झोपून बटण दाबणारा एक. बॉम्ब सुटला की प्रकाशाचा गोळा सोडून फोटो निघायचा, आणि तो निघेपर्यंत विमान सरळ रेषेत ठेवावं लागायचं. त्या फोटोत रस्ते आणि आगी दिसत. माणूस दिसत नसे. या पोरांना मी दूषण देणार नाही. त्यांच्या दलातली ५५,५७३ माणसं मेली, बहुतेक विशी-पंचविशीतली. पण दलाचा हिशेब ठेवला जाई तो टनांत आणि जळालेल्या वस्तीच्या एकरांत.

इथे मला आमच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन आठवलं. सप्त्यात बुवा वाल्या कोळ्याचं आख्यान लावायचे. वाल्याने एक माणूस मारला की रांजणात एक खडा. असे सात रांजण भरले. सांगता सांगता बुवा खरोखरच तांब्यात खडा टाकायचे. टण् असा आवाज व्हायचा आणि आम्ही पोरं दचकायचो. लहानपणी वाटायचं, केवढा क्रूर माणूस, मोजतो कशाला? आता वाटतं, त्या मोजण्यानेच तो वाचला. नारद भेटले तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही होतं. आपण काय केलं ते त्याला डोळ्यांनी दिसत होतं आणि हाताला लागत होतं. साडेतीन मैल उंचीवरून टाकलेल्या खड्याचा आवाजच येत नाही. सात जणांत, त्यांच्यामागच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत ते कृत्य इतकं वाटलं जातं की कोणाच्याच रांजणात खडा पडत नाही. ज्याला खडा नाही, त्याला पश्चात्तापही सापडत नाही.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर हल्ले झाले. त्या मोहिमेचं नाव होतं गोमोरा. २७ तारखेच्या रात्री तिथे आगीचंच वादळ उठलं. रस्त्यावरचं डांबर वितळलं. तळघरांत बसलेली माणसं विषारी वायूने बसल्या जागी गेली. सगळे हल्ले मिळून तीस हजारांच्या कितीतरी वर माणसं मेली. गोमोरा हे बायबलमधलं गाव, देवाने आगीचा पाऊस पाडून नष्ट केलेलं. पण त्या कथेत आगीच्या आधी अब्राहाम देवाला अडवतो. पन्नास नीतिमान माणसं असतील तरी जाळशील का? पंचेचाळीस असतील तर? असं करत तो दहावर येतो, आणि देवही दर वेळी कमी केलेला आकडा मान्य करतो. तो देवाला मोजायला लावतो. मोहिमेला नाव देणाऱ्यांनी कथेतली आग घेतली, अब्राहामाचा प्रश्न मागे ठेवला.

तो प्रश्न एकाने विचारला. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल. हिटलरच्या विरोधकांचे ते जुने मित्र होते, निर्वासितांना आसरा देणारे होते. ९ फेब्रुवारी १९४४ ला लॉर्ड्सच्या सभागृहात उभं राहून त्यांनी सरकारला जाब विचारला. लष्करी लक्ष्यावर बॉम्ब टाकायला त्यांचा विरोध नव्हता. अख्खं गाव हे लक्ष्य कसं होतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सरकार तर जाहीरपणे लष्करी आणि औद्योगिक लक्ष्यांचंच नाव घेत असे. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की बॉम्बर दलाचे प्रमुख हॅरिस यांचाच आग्रह होता की शहरं आणि कामगार हेच लक्ष्य आहे हे उघड सांगा. सरकारने ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणं पसंत केलं. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो शस्त्र चालवल्यामुळे नव्हे, त्या पुटपुटण्यामुळे.

यावर कोणी म्हणेल, समोर कोण होतं ते बघा. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन आधी कोणी जाळलं? छळछावण्या कोणाच्या होत्या? मी ते पाहते. ड्रेस्डेनमध्ये व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे ज्यू प्राध्यापक होते. शहरात उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा पोचवायचं काम १३ फेब्रुवारी १९४५ ला त्यांच्यावरच आलं. त्याच रात्री ब्रिटिश विमानं आली. त्या गोंधळात त्यांनी अंगावरचा पिवळा तारा काढून टाकला, आणि ते जगले. त्याच हल्ल्यांत सुमारे २५,००० माणसं मेली. एका वजनाने दुसरं तोलता येत नाही. फळ चांगलं आलं म्हणून कर्म धुऊन निघत नाही, आणि कर्म घोर होतं म्हणून क्लेम्पेररांचा जीव खोटा ठरत नाही. एखादी गोष्ट करावी लागली असेल आणि तरीही ती पाप असेल, हे दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. युद्ध जिंकल्यावरही युधिष्ठिर रडत बसला, तो काही हरल्यामुळे नव्हे.

मला सगळ्यात जास्त आठवते ती वाल्याची बायको. पापात वाटेकरी होतेस का, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आम्हाला पोसणं तुमचं काम, पाप तुमचं तुम्ही बघा. बुवा हे सांगत तेव्हा बायका माना डोलवत, मीही डोलवली आहे. आज पटत नाही. तिने ते अन्न खाल्लं होतं. माझी मुलगी ज्या फीवर शिकली ती फ्यूजच्या पैशांची होती. देशाला शस्त्रं लागतात, सीमेवरच्या पोराच्या हातात फसवा दारूगोळा जाऊ नये म्हणून मी जीव ओतून काम केलं, त्याची मला लाज नाही. पण माझा संबंध नाही, हे मला म्हणता येणार नाही. पाप काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, वाटलं की तुकडा लहान व्हायला. दिव्यावर दिवा लावला तर पहिला दिवा कमी होत नाही, तसं ते प्रत्येकाकडे पूर्णच येतं.

त्या भग्न कॅथीड्रलमध्ये शुक्रवारी दुपारी बारा वाजता एक प्रार्थना होते. माणसाचे सात दोष एकेक करून मोजतात. द्वेष, लोभ, दुसऱ्याच्या दुःखाकडे केलेला कानाडोळा. प्रत्येकानंतर सगळे भिंतीवरचे दोनच शब्द म्हणतात. परतीच्या आधीच्या शुक्रवारी मुलगी आणि मी तिथे उभ्या राहिलो. मी मराठीत म्हटलं. सात वेळा. दर वेळी मधल्या शांततेत मला तांब्यात खडा पडल्यासारखं वाटलं.

आई फॅक्टरीत होती, चेकिंगला होती, एवढंच मुलीला माहीत होतं. येताना रस्त्यात मी तिला फ्यूज म्हणजे काय ते सांगितलं. तो कुठे बसतो, काय करतो, मुठीत कसा मावतो. ती बराच वेळ बाबागाडी ढकलत गप्प राहिली. मग म्हणाली, “किती तपासले असशील गं, आई?”

मी तिला एका पाळीचा आकडा सांगितला. आम्ही दोघी मोजत मोजत घरी आलो.