आड आणि पोहरा

शालान्त परीक्षांचे निकाल लागले की दिल्लीतील मराठी मंडळींत एक नित्याचा विषय निघतो. करोलबाग आणि पहाडगंज येथील जुन्या बिऱ्हाडांपासून नोएडा-गुरुग्रामच्या नव्या वसाहतींपर्यंत, कोणाच्या मुलीस किती गुण मिळाले, कोणाचा मुलगा आय.आय.टी.स लागला, याची चर्चा होते. गुणवंतांचे सत्कार होतात, आणि सत्काराच्या भाषणांत एक वाक्य हटकून येते, की विद्या ही आपल्या रक्तातच आहे. हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनात कोणाविषयी अढी असते असे नाही. तथापि न उच्चारलेला एक उत्तरार्ध त्याच्या पोटात असतोच. ज्यांच्या मुलांचे असे सत्कार होत नाहीत, त्यांच्या रक्तात विद्या नाही, हा तो उत्तरार्ध होय. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्यात म्हणच आहे.

एका समाजाची मुले शाळेत पुढे जातात आणि दुसऱ्या समाजाची मागे पडतात, याचे कारण काय, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे खरा. परंतु तो नीतीचाही आहे. कारण सांगणे म्हणजे एका परीने जबाबदारी कोणाची ते सांगणे होय. कारण रक्तात असेल तर जबाबदारी कोणाचीच नाही. ते घरात असेल तर आईबापांची, आणि शाळेत व समाजव्यवस्थेत असेल तर तुमची-आमची सर्वांची. म्हणून कोणते कारण आपल्या मनास चटकन पटते, हे पाहताना आपण थोडे सावध असावे, असे आम्हांस वाटते.

रक्ताचे कारण प्रथम घेऊ. त्याचे खंडन करण्यास दूर जावयास नको. आपल्या आज्या-पणज्यांकडे पाहिले तरी पुरे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा स्त्रियांना विद्या झेपत नाही, हे मत विद्वानांच्या घरांतूनच बोलले जात होते. एकाच घरात, एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेला भाऊ वेद घोकीत असे आणि बहिणीस अक्षरओळखही नसे. रक्त एक, कुळ एक, घरही एक. फरक तो एवढाच, की एकास पाटी मिळाली व दुसरीस मिळाली नाही. आज केंद्रीय मंडळाच्या आणि महाराष्ट्राच्या परीक्षांत उत्तीर्ण होण्याचे मुलींचे प्रमाण वर्षानुवर्षे मुलांहून अधिक असते. चार-पाच पिढ्यांत रक्त पालटत नाही. पालटला तो व्यवहार. पोहरा रिकामा येत होता याचा अर्थ आड कोरडा होता असा नव्हता. दोरच तोकडा ठेवलेला होता.

रक्ताची गोष्ट आता सुशिक्षित माणूस उघडपणे सहसा बोलत नाही. त्याऐवजी तो संस्कारांची गोष्ट बोलतो. घरात पुस्तके आहेत, आई अभ्यास घेते, वडील वृत्तपत्र वाचतात, मुलाच्या कानावर शुद्ध भाषा पडते. म्हणून मूल पुढे जाते. या म्हणण्यात पुष्कळच तथ्य आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी यास सांस्कृतिक भांडवल असे नाव दिले. शाळा जी भाषा बोलते, जी वागणूक शिष्ट मानते, तीच ज्याच्या घरची भाषा आणि घरची वागणूक, त्याला शाळेत अर्धे काम आयते झालेले मिळते. शाळा मात्र हे आयते मिळालेले अर्धे काम त्या मुलाच्या बुद्धीच्या खात्यावर जमा करते. बूर्द्यूंचे मर्म या दुसऱ्या भागात आहे, आणि संस्कारांची थोरवी सांगणारे आपण नेमका तोच भाग गाळतो.

भांडवल म्हटले की ते कोठून आले हे विचारणे भाग पडते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. त्याच दक्षिणेच्या निधीतून इंग्रजांनी १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे इंग्रजी विद्येचा लाभही प्रथम त्याच वर्गास झाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी या व्यवहारावर नेमके बोट ठेवले. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर; विद्या वरून खाली झिरपेल हे म्हणणे अनुभवास उतरलेले नाही; तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही घ्या, असे त्यांचे मागणे होते. समाजशास्त्राने पुढे जे परिभाषेत मांडले, ते जोतीरावांनी त्याच्या पुष्कळ आधी जमाखर्चाच्या भाषेत मांडले होते.

संस्कार हे कारण असते, पण ते आरंभीचे कारण नसते, याचा पडताळा खुद्द दिल्लीतील मराठी समाजात घेता येतो. येथे आपले दोन प्रवाह आले. एक सरकारी कचेऱ्यांतून आला. राजधानी दिल्लीस आल्यावर, आणि विशेषेकरून स्वातंत्र्यानंतर, परीक्षा देऊन नोकरीस लागलेली मंडळी महिन्याच्या पगारावर व सरकारी निवासात राहू लागली. दुसरा प्रवाह दुष्काळाने आणला. सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर-आटपाडीच्या माणदेशी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायाने देशभर पसरलेले गलाई बांधव दिल्लीच्या सराफ्यातही आले. भाषा तीच, गणपती तोच, घरी भाकरीही तीच. परंतु भट्टीपाशी काम करणाऱ्या कारागिराच्या आणि कचेरीतील अधिकाऱ्याच्या मुलांचे दिवस सारखे गेले नाहीत. एकाच्या घरी अभ्यासाची खोली होती, तर दुसऱ्याच्या घरी एकाच खोलीत सारा संसार. मराठी माणसाची विद्येची आवड हे जर कारण असते, तर ते दोघांसही सारखेच लागू पडावयास हवे होते. दोघांत अंतर पडले ते आवडीमुळे नव्हे. पगार, जागा आणि आईबापांचे शिक्षण यांमुळे.

याच शहरात आणखी एक उदाहरण आहे. मुसलमान समाजास शिक्षणाची ओढ नाही, असे आपण सहज बोलून जातो. सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालात त्या समाजाचे साक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून खाली असल्याचे दिसले, तेही अनेकांनी त्या समाजाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचले. परंतु अजमेरी दरवाजापाशी, जेथे आज अँग्लो-अरेबिक शाळा आहे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली कॉलेज भरत असे आणि पाश्चात्य गणित व विज्ञान उर्दूतून शिकविले जात असे. मास्टर रामचंद्र तेथे गणित शिकवीत. त्यांचा ग्रंथ डी मॉर्गन यांनी १८५९ साली लंडनला पुन्हा छापविला. जकाउल्ला आणि नजीर अहमद हे तेथलेच विद्यार्थी. मग १८५७ आले. शहर उद्ध्वस्त झाले, कॉलेज बंद पडले. काही वर्षांनी पुन्हा उघडले, ते १८७७ साली मोडून त्याचा अध्यापकवर्ग लाहोरास नेण्यात आला. ज्या समाजाच्या मोहल्ल्यांत नवी विद्या मातृभाषेतून उमलत होती, त्यालाच पुढे विद्याविमुख म्हटले जावे, यावरून समाजाचा स्वभाव म्हणून आपण ज्यास ओळखतो तो कित्येकदा त्याच्या इतिहासाचा केवळ ताजा कलम असतो, हे ध्यानी यावे.

येथवर घराचा विचार झाला. आता शाळेकडे वळू. नायजेरियात जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन केलेले मानवशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी १९७८ साली अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच ‘जात’ हा शब्द आहे. त्यांचे निरीक्षण असे, की कोरियन वंशाची मुले जपानात मागे पडतात आणि अमेरिकेत पुढे जातात. वंश तोच, घरचे वळण पुष्कळसे तेच. परंतु जपानात कोरियन हे जिंकलेल्या देशातून आणलेले हलके लोक मानले गेले, आणि अमेरिकेत ते आपल्या इच्छेने नशीब काढण्यास गेले. अवतीभवतीचा समाज मुलाकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावर मूल किती उचलते हे पुष्कळ अवलंबून असते.

ही नजर काय करते हे आपल्याच देशात पाहिले गेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतील मुलांना कागदावरील चक्रव्यूहांची कोडी सोडवावयास दिली. ३२१ मुले वरच्या मानलेल्या जातींची, ३२१ खालच्या मानलेल्या. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष जात पुकारल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. एका प्रयोगावर सिद्धान्त उभारू नये, हे आम्ही जाणतो. परंतु डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या बालपणाविषयी जे लिहिले आहे, ते ज्याने वाचले असेल त्यास या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. बसावयास घरून आणलेले गोणपाट, आणि शाळेच्या शिपायाने नळ उघडल्यावाचून पाणी नाही. त्या मुलास संस्कृत शिकावयाचे होते. त्यास फारसी घ्यावी लागली. आणि हे केवळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे असेही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. देशातील कठीणातली कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगळे पाडले जाते व अध्यापकांचे साह्य सारखे मिळत नाही, असे २००७ सालच्या त्या अहवालात नमूद झाले.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सारे काही परिस्थितीनेच घडते म्हटले तर मुलाच्या परिश्रमास अर्थ काय उरला? रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलीचे श्रेय तिच्या आजोबांच्या नोकरीस द्यावयाचे काय? आमचे उत्तर असे, की परिश्रम खरेच असतात आणि त्यांचा गौरव व्हावा. परंतु समान परिश्रमांस समान फळ मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींविरुद्ध याच दिल्लीच्या रस्त्यांवर तरुण विद्यार्थी गुणवत्तेच्या नावाने उतरले. नोकऱ्या जातील ही त्यांची चिंता आम्ही खोटी मानीत नाही. त्या दिवसांत कोवळे जीव गेले, हे विसरता येत नाही. परंतु निषेध म्हणून त्यांच्यातील काहींनी रस्ते झाडले, बूट पुसले. जे काम कित्येक जातींनी पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे केले, तेच आपल्या वाट्यास येणे म्हणजे अन्यायाची परमावधी, असा त्या निषेधाचा अर्थ होत होता. गुणवत्तेच्या कल्पनेत जन्माचा मान किती मुरलेला आहे, हे त्या झाडूंनी नकळत सांगितले.

दुसरा धोका याच्या उलट बाजूस आहे, आणि तो सहृदय माणसास अधिक असतो. परिस्थितीचे स्पष्टीकरण ऐकून शिक्षक म्हणू लागतो, ‘या बिचाऱ्या मुलांकडून काय होणार? घरीच काही नाही.’ पूर्वी जे रक्ताच्या नावाने नाकारले जाई ते आता करुणेने नाकारले जाते. मुलाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. स्पष्टीकरण हे झालेल्या गोष्टीचे असते. होणाऱ्या गोष्टीचे ते भविष्य नव्हे. शाहू छत्रपतींनी १९०२ साली कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारविली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. घरी अभ्यासाची जागा नाही, हे त्यांच्या लेखी मुलास वगळण्याचे कारण नव्हते. त्याला जागा देण्याचे कारण होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीही हाच मार्ग चोखाळला.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की माप एकच असावे. आपले मूल नापास झाले की आपण शिक्षक, शाळा, प्रकृती, वातावरण अशी कारणे शोधतो. क्वचितच म्हणतो की आडच कोरडा आहे. मोलकरणीचा मुलगा नापास झाला की मात्र आपणांस एकदम म्हण आठवते. जी उदारता आपल्या मुलासाठी, तीच त्याच्यासाठी हवी. आणि जी अपेक्षा आपल्या मुलाकडून, तीही त्याच्याकडून हवी. अपेक्षाच न ठेवणे ही दया नव्हे.

दिल्लीतील खासगी शाळांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. त्यांतील एखादे मूल आपल्या मुलाच्या बाकावर येऊन बसते, तेव्हा घरी त्याचा उल्लेख आपण कसा करतो, त्यास वाढदिवसाचे आमंत्रण जाते की नाही, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. आपल्या मंडळांनी गुणवंतांचे सत्कार अवश्य करावेत. परंतु त्याच सभागृहाचे दार उरलेल्या संध्याकाळी गलाई बांधवांच्या आणि शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी उघडावे. तेथे दिवे असावेत, टेबले असावीत, आणि गणित समजावून सांगणारा कोणी निवृत्त गृहस्थ बसलेला असावा. अशी सोय दहा वर्षे चालली, की मग आडात पाणी आहे की नाही, याविषयी खुशाल मत बनवावे.