गगनयान आणि गव्हाण

भारतीय अंतराळवीरांना श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेणाऱ्या गगनयानाची तयारी गेली कित्येक वर्षे चालली आहे. आधी मानवरहित उड्डाणे करावयाची, त्यांत 'व्योममित्र' हा स्त्रीरूपी यंत्रमानव पाठवावयाचा, आणि सर्व कसोट्या पार पडल्यावरच माणसाचा जीव त्या यानाच्या स्वाधीन करावयाचा, असा हा क्रम आहे. त्यापुढे चंद्रावरील माती घेऊन परतणारे चांद्रयान-४, २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीयाचे पाऊल, असे संकल्प देशाने सोडले आहेत. या वार्ता ऐकून कोणाही भारतीयाचा ऊर भरून यावा. परंतु भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाने त्या ऐकताना कोणता प्रश्न मनाशी धरावा, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

अवकाश ही आता आपल्यापासून दूरची गोष्ट राहिलेली नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातील असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तू पाहिल्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात, धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. ते चीनच्या एका रॉकेटचा अवशेष असावे, असे मत तज्ज्ञांनी दिले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तरी आकाशात जे जाते त्याचा संबंध कोणाच्या तरी अंगणाशी येतो, एवढे त्या संध्याकाळी आपल्या भागाला कळून चुकले.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न खर्चाचा असतो. ज्या देशात अजून पोटभर अन्न आणि वेळेवर औषध सर्वांना मिळत नाही, त्याने रॉकेटे उडवावीत काय? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागासाठी सुमारे १३,४०० कोटी रुपये, तर आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे ९९,८०० कोटी रुपये ठेवले गेले. राज्यांचा आरोग्यावरील खर्च याहून वेगळा. उद्या सारी रॉकेटे बंद केली, तरी तेवढ्याने गावोगावी उत्तम रुग्णालये उभी राहतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय हवामानाचा अंदाज, पुराचे नकाशे, दूरवरच्या गावाशी होणारे दळणवळण, हे सारे उपग्रहांमुळेच शक्य झाले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह दर बारा दिवसांनी जवळपास सारी भूमी पुन्हा न्याहाळण्यासाठी घडविला आहे. जमिनीतील ओलावा आणि भूपृष्ठाची सूक्ष्म हालचाल त्याला टिपता येते. अशा ज्ञानाला पैशाची उधळपट्टी म्हणता येणार नाही.

तेव्हा खर्चाच्या प्रश्नाखाली दडलेला दुसरा प्रश्न पुढे आणावा, असे आम्हांस वाटते. आकाशाकडे लागलेली आपली नजर अखेर कोठे येऊन पोचते?

ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही. पूर्वेकडील मागी लोक आकाशाचे अभ्यासक होते. मत्तय सांगतो की ताऱ्याचा मागोवा घेत ते एका घरात आले आणि तेथे त्यांना एक मूल दिसले. लूक मात्र मागी लोकांविषयी बोलत नाही. तो रात्री जागून कळप राखणाऱ्या मेंढपाळांना गव्हाणीपाशी आणतो. नाताळच्या देखाव्यात आपण या दोघांनाही एकाच गव्हाणीभोवती उभे करतो. आकाश जाणणारी विद्या आणि रात्रभर जागणारी राखण या दोघींची भेट एका तान्ह्या बाळापाशी होते, हा त्या देखाव्याचा अर्थ आहे. मागी लोक आधी हेरोदाच्या राजवाड्यात गेले होते, हेही विसरू नये. तेथे पोचलेल्या त्याच वार्तेतून बेथलेहेमच्या बालकांचा संहार घडला. विद्या एकच, ती कोणत्या दारी थांबते, यावर सारे अवलंबून.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाळणाच एका चर्चमध्ये हलला, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळमधील थुंबा या मच्छीमारांच्या गावाजवळून जाते, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांना ती जागा हवी होती. तेथे संत मरिया माग्दालेनाचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारी उपासनेच्या वेळी ही मागणी भाविकांपुढे ठेवली आणि भाविकांनी 'आमेन' म्हणून होकार दिला, ही हकीकत डॉ. अब्दुल कलाम सांगत असत. त्या वास्तूत शास्त्रज्ञांची कचेरी थाटली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिले रॉकेट आकाशात गेले. आज त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे.

कोळी कुटुंबांनी आपली वेदी देशाला दिली. देणगी परत मागावयाची नसते, परंतु घेणाऱ्यावर तिचे ऋण राहते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा याच तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार इशारा पोचण्याआधीच खोल समुद्रात गेलेले होते. कितीतरी जण परतले नाहीत. आकाशात उपग्रह होते, पण होडीतल्या माणसापर्यंत वेळेवर शब्द पोचला नाही. त्यानंतर इस्रोने 'नाविक' उपग्रहांच्या साहाय्याने भर समुद्रातील होड्यांना संदेश देणारी यंत्रणा तयार केली. ऋण फेडावयाचे ते असे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेच्या अंधारात भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. या कक्षांना आपण मराठीत 'अतिदक्षता' हा शब्द लावतो. केवढा मोठा शब्द! त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत माणसे आगीत दगावली. चौकशी व न्याय हे ज्यांचे काम त्यांनी ते करावे. येथे कोणावर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला अस्वस्थ करते ती एक तुलना.

१५ जुलै २०१९ च्या रात्री चांद्रयान-२ उड्डाणासाठी सज्ज होते. प्रत्यक्ष राष्ट्रपती श्रीहरिकोट्यास उपस्थित होते. उड्डाणाला ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असताना रॉकेटमध्ये दोष आढळला आणि उलटगणती थांबविण्यात आली. राष्ट्रपती आले आहेत, देश जागा आहे, आता कसे थांबावे, असे कोणी म्हटले नाही. दोष दूर करून यान २२ जुलैला गेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या सुटकायंत्रणेची चाचणी होती. संकटसमयी अंतराळवीरांना रॉकेटपासून दूर नेणारी ही यंत्रणा. अवघे पाच सेकंद उरले असता संगणकाने उड्डाण रोखले. कारण शोधले गेले, आणि त्याच सकाळी दहा वाजता चाचणी यशस्वी झाली. जे अंतराळवीर अजून यानात बसलेलेही नव्हते, त्यांच्या प्राणांसाठी ही दक्षता!

ही दक्षता आपल्याला ठाऊक नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. ती आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या हातून घडते. मग ती मोजक्या वीरांपुरती का राहावी? कोणी म्हणेल, रॉकेटामागे हजारो अभियंते असतात आणि रात्रीच्या कक्षात मोजक्या परिचारिका. हे खरे आहे. दक्षता फुकट मिळत नाही; तिला माणसे लागतात, साधने लागतात. परंतु तिला आणखी एक गोष्ट लागते. सामान्य कर्मचाऱ्याने 'थांबा, येथे दोष आहे' म्हटले तर वरिष्ठांनी ते ऐकून घ्यावे लागते. जेथे असे म्हणणाऱ्याला कटकट्या ठरविले जाते, जेथे तक्रारीचा कागद फायलीत झोपी जातो, तेथे यंत्र कितीही नवे असो, राखणदार नाही. मागी आले, मेंढपाळ आले नाहीत, अशी ती स्थिती होय.

नीतिशास्त्रात आपण पाप आणि पुण्य यांचा विचार बहुधा केलेल्या कृत्यांवरून करतो. मिस्सेच्या आरंभी मात्र आपण न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. सैल पडलेली तार, कुलूपबंद दार, न भरलेले अग्निशामक नळकांडे ही अशा न केलेल्या कर्तव्यांची आजची रूपे आहेत. शेजाऱ्यावरील प्रेम भावनेने सुरू होते, पण ते टिकते तपासणीने.

आपली ख्रिस्तसभाही यातून सुटत नाही. आपल्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, दवाखाने आहेत. धर्मग्रामातील कुटुंबांनी तेथे जाऊन विचारावे की रात्री कोण जागे असते, वायरिंग शेवटी केव्हा तपासले, आग लागली तर लेकरे कोणत्या दाराने बाहेर पडतील. धर्मगुरूंनी आणि भगिनींनी अशा प्रश्नांचे स्वागत करावे. शासकीय रुग्णालयाबाबतही हेच प्रश्न ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींपुढे, नम्रपणे पण पुनःपुन्हा मांडावेत.

भारतीय अंतराळवीर गगनयानात बसतील त्या दिवशी आपण सारी त्यांच्यासाठी प्रार्थना करू, आणि ते सुखरूप परतले म्हणजे घंटा वाजवू. त्या प्रार्थनेत भंडाऱ्याच्या त्या दहा मातांचेही स्मरण असावे. आणि हे प्रभू, ज्या बुद्धीने आम्ही तुझ्या ताऱ्यांपर्यंत मार्ग काढतो, त्याच बुद्धीने रात्री निजलेल्या तुझ्या लहानग्यांजवळ जागे राहण्याची कृपा आम्हांस दे, एवढे मागणे तीत जोडावे.